श्रुतलेखनाचं पान : कोल्हापुरातल्या एका शाळेतलं प्रकरण

पाचवीतल्या एका मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला आणि तिथून हे प्रकरण माझ्याकडे आलं. फोटोखाली वर्गशिक्षिकेने लिहिलं होतं, 'पालकांनी लक्ष द्यावे. अशी वही चालणार नाही.' मुलाचं नाव कुठेच नव्हतं. पण पानाच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक होता, आणि 58 मुलांच्या वर्गात तेवढं पुरतं. त्या रात्री मुलाची आई ग्रुपमधून बाहेर पडली. सोमवारी सकाळी वडील शाळेत आले आणि व्हरांड्यातच, तीन वर्गांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोराची इज्जत काढायला पाठवलंय व्हय आम्ही शाळेत?"

मी या शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जाते. शाळा कोल्हापुरातली, अनुदानित, पाचवी ते दहावी. मुलाची आणि घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मात्र कोण काय बोललं आणि माझं कुठे चुकलं, ते बदललेलं नाही.

घर आणि वर्ग

वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंगला. ओतकाम थंड झालं की त्याच्या कडा ग्राइंडरने घासून साफ करायच्या, हे त्यांचं काम. सोळा वर्षं तेच. आई राजारामपुरीतल्या एका खानावळीत चपात्या लाटते, तीनला सुटते. मुलगा चौथीपर्यंत घराजवळच्या छोट्या शाळेत होता. तिथे वर्गात वीस-बावीस पोरं आणि चारही वर्षं एकच बाई. पाचवीला तो या मोठ्या शाळेत आला. मोठा वर्ग, तासागणिक वेगळे शिक्षक, उंचीप्रमाणे बसवणं. मुलगा उंच, त्यामुळे जागा शेवटच्या बाकावर, रस्त्याकडच्या खिडकीपाशी.

वर्गशिक्षिका मूळच्या रत्नागिरीकडच्या. नऊ वर्षं शिकवतायत, मराठी त्यांचा जीव की प्राण. त्यांनी मला दिलेल्या चिठ्ठीत तीन शब्द होते: लक्ष नाही, आळशी, उद्धट.

पहिली बैठक

मुख्याध्यापकांना प्रकरण त्याच दिवशी मिटवायचं होतं. वडील 'शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो' म्हणाले होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मारहाणीबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, हे मुख्याध्यापकांना चांगलंच ठाऊक होतं. ते म्हणाले, "सगळे आलेच आहेत, बसवून टाकू." आणि मी मान डोलावली. तिथेच माझं चुकलं. दोन्ही बाजूंशी आधी वेगवेगळं बोलल्याशिवाय त्यांना समोरासमोर आणू नये, हे आम्हाला शिकताना घोकून घेतात. मीही ते इतरांना सांगत असते.

बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. मोठं टेबल, पलीकडे मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका, अलीकडे आईवडील, मी बाजूच्या खुर्चीत. वर्गशिक्षिकेने मुलाची डायरी उघडली. जूनपासून ऑगस्टपर्यंत 'गृहपाठ अपूर्ण' हा शेरा 14 वेळा, प्रत्येक शेऱ्याखाली आईची सही.

"सह्या तर तुमच्याच आहेत ना?"

"मी करतो की सही," आई म्हणाली. (इकडच्या बायका स्वतःबद्दल 'करतो, आलो' असंच बोलतात. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्यांदा दचकायला होतं.) "पण कुठला अभ्यास ऱ्हायलाय, ते कुठं लिवलंय? अपूर्ण म्हंजे काय करू मी?"

मला त्या क्षणी बैठक थांबवून एवढं एकच वाक्य फळ्यावर लिहावंसं वाटलं. 14 शेऱ्यांत घरच्यांना उपयोगी पडेल असा एकही शब्द नव्हता. पण मी काही बोलायच्या आत वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हे बघा, यंदा पाचवी आहे. आता पाचवीला नापास करता येतं."

त्यांनी माहिती म्हणून सांगितलं. वडिलांनी ती धमकी म्हणून ऐकली. माझी बाजू काय, हे विचारताना त्यांनी माझ्याकडे वळून एकच प्रश्न केला, "तुमचा पगार शाळाच देती नव्हं?" आणि दोघे उठून गेले. बारा मिनिटं.

त्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या भेटीत दिलं: मानधन संस्था देते, ते खरं. तुम्ही मला सांगाल त्यातलं काय शाळेत सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. अपवाद एकच, मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मी गप्प बसू शकत नाही, तिथे कायदाही बसू देत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं. पटलं की नाही, कळलं नाही.

इथे थोडं विषयांतर. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. तेव्हा त्या दंडाला अर्थ होता, पोरं शाळेच्या दारापर्यंत आणायची होती. आज पोरं दारात आहेत, पण पालकाला शाळेचं बोलावणं आलं की तो अजूनही दंड भरायला निघाल्यासारखाच निघतो. 'उद्या पालकांना घेऊन ये' हे वाक्य कौतुकासाठी वापरलेलं मी फार क्वचित ऐकलंय.

एका वहीत दोन मुलं

त्यानंतर मी वर्गशिक्षिकेशी एकट्याने बोलले. मुलगा कसा आहे, हे विचारलंच नाही. गेल्या आठवड्यात त्याला काय करताना पाहिलंत, तेवढंच विचारलं.

"तीन हाका मारल्या तरी बघत नाही. चौथ्या हाकेला दचकतो. मग सगळा वर्ग हसतो, तोही हसतो." हे झालं उद्धट. "पान नंबर सांगितला की शेजारच्याच्या वहीत बघतो." हे लक्ष नाही. "आणि मॅडम, कधीकधी आठवडाभर अगदी व्यवस्थित असतो. म्हणजे मनात आणलं तर जमतं त्याला." हे आळशी.

त्यांना शंका होती की मुलाला अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन किंवा गणित शिकण्यातली मुळातली अडचण, असावी. शाळांमध्ये हल्ली हा शब्द लवकर येतो, आणि तो येतो हे चांगलंच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तिचा समावेश आहे, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती त्यातूनच मिळतात. पण अध्ययन अक्षमतेच्या चाचण्यांच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे असतात. ते न करता मुलाला त्या चाचण्यांना पाठवणं म्हणजे पाया न बघता भिंतीला तडा का गेला ते शोधणं.

मी फोटोतल्या पानापुरती न थांबता पूर्ण वही मागून घेतली. शिक्षक खोलीत आम्ही दोघींनी ती चाळली. वहीत जणू दोन मुलं लिहीत होती. फळ्यावरून उतरवलेली पानं स्वच्छ, वेलांटीही इकडची तिकडे नाही. आणि मधेच एखादं पान पार विस्कटलेलं. 'सकाळचा' ऐवजी 'काळचा', 'प्रकाश' ऐवजी 'परका', 'बाग' ऐवजी 'माग', पुढे अर्धी ओळ कोरी. वर्गशिक्षिकेने चारपाच पानं मागे-पुढे केली आणि त्या स्वतःच म्हणाल्या, "ही सगळी श्रुतलेखनाची आहेत."

ग्रुपवर टाकलेलं पानही श्रुतलेखनाचंच होतं.

'बाग'चं 'माग' होणं मला विशेष वाटलं. प, ब, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. ऐकून लिहिणारा मुलगा सहसा अशी गल्लत करत नाही, ओठ बघून लिहिणारा करतो. पण मी कानाची डॉक्टर नाही. मी एवढंच म्हणाले की उद्याचे दोन तास मला वर्गात मागे बसू द्या.

ऑगस्टचा पाऊस, व्हरांड्यावर पत्रा, खिडकीबाहेर रिक्षा. खरं सांगायचं तर शेवटच्या बाकावरून मलाही निम्मंच कळत होतं. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत, श्रुतलेखन सांगताना बाकांमधून फिरत. मुलगा मान वळवून त्यांच्या तोंडाकडे बघत राही आणि ते पाठमोरे झाले की लिहायचा थांबे. साधं बोलणं मीटरभर अंतरावर 60 डेसिबलच्या आसपास असतं. मागच्या बाकापर्यंत ते बरंच उतरतं, आणि त्यावर पाऊस.

खानावळ सुटल्यावर

आईला मी साडेतीनची वेळ दिली. शाळेत, पण मुख्याध्यापकांच्या खोलीत नाही, वाचनालयात. आणि पहिल्याच फोनवर सांगितलं की तक्रार सांगायला बोलवत नाही, मला काही विचारायचंय.

"घरी नीट ऐकतंय की," ती म्हणाली. "हाक मारली की येतंय." कशी हाक मारता, विचारलं. ती विचारात पडली. "हाक म्हंजे… जवळ जातो, खांद्याला हात लावतो, मग सांगतो." का? "लहानपणापासनं सवय हाय."

टीव्हीचा आवाज? "मोठा लागतोय. पण त्येच्या पप्पांनाबी मोठाच लागतोय." घरात सगळेच मोठ्याने बोलतात, कारण घरचा कर्ता माणूस सोळा वर्षं ग्राइंडरशेजारी उभा आहे. त्या घरात कमी ऐकू येणं लपून राहतं, कुणी लपवावं लागत नाही. व्हरांड्यातल्या त्या आवाजाबद्दलही मला तेव्हा पहिल्यांदा वेगळा विचार सुचला. वडील चिडले होते हे खरं, पण न चिडताही ते त्याच पट्टीत बोलत असणार.

कान कधी दुखतो का? "दुखत न्हाई. वाहतोय मधनंमधनं. पावसाळ्यात, न्हाईतर उन्हाळ्यात पोहून आल्यावर. लसणाचं तेल कोमट करून घालतो, बरं वाटतंय." चौथीत शाळेत आरोग्य तपासणी झाली होती, पण तेव्हा कान कोरडा होता.

म्हणजे 'कधीकधी आठवडाभर व्यवस्थित असतो' याचाही उलगडा झाला. कान वाहायचा तेव्हा आणखी कमी ऐकू यायचं, सुकला की थोडं बरं. आई खोटं सांगत नव्हती आणि वर्गशिक्षिकाही. घरातलं मूल आणि वर्गातलं मूल खरोखरच वेगळं होतं, आणि प्रत्येकीने आपलंच पाहिलं होतं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे वडील घेऊन गेले. उजव्या पडद्याला भोक. ऐकण्याच्या तपासणीत उजवा कान 45 डेसिबलवर, डावा 30 वर. इथे आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं, साधारणपणे 25 पर्यंत ठीक मानतात. औषधाचे थेंब, कानात तेल बंद, पाणी बंद, आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस, पोहणं बंद. कान काही काळ कोरडा राहिला की पडद्याच्या शस्त्रक्रियेचं बघू. डॉक्टर वडिलांना म्हणाले, तुम्हीही एकदा तपासून घ्या. ते हसले. हे लिहीपर्यंत तरी त्यांनी तपासलेलं नाही.

दोष फक्त पत्ता बदलतो

कारण सापडलं की सगळे एकत्र येतील, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. वडील म्हणाले, "म्हंजे पोरगं बहिरं आणि ह्यांनी त्येला आळशी ठरवलं. आता तर मी सोडतच न्हाई." आणि शिक्षक खोलीत वर्गशिक्षिका म्हणाल्या, "दहा वर्षं आईबापाला कळलं नाही, आणि आम्ही दोन महिन्यांत ओळखायचं?" दोन्ही वाक्यं खरी होती. आजाराच्या नावाने मुलाच्या माथ्यावरचा दोष निघाला खरा, पण तो मोठ्यांनी एकमेकांकडे टोलवायला घेतला.

दुसरी बैठक मी तीन आठवडे लांबवली. मुख्याध्यापक वैतागले. त्या काळात दोन गोष्टी केल्या.

एक, वडिलांची सुट्टी विचारली. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. शाळेच्या पालक सभा शनिवारी. दोन सभांच्या हजेरीपुढे 'पालक अनुपस्थित' असं लाल शाईत लिहिलेलं होतं. वर्गशिक्षिकेला मी फक्त सोमवार-शनिवारचं सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, त्यांना पर्वा नाही."

दोन, मुलाला विचारलं. सगळे त्याच्याबद्दल बोलत होते, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा उशिराच. तो म्हणाला, "कानाचं वर्गात सांगू नका. भैऱ्या म्हणतील." पुढे बसायला चालेल? "मला एकट्याला न्हाई."

वडिलांशी फोनवर पाचवीच्या परीक्षेबद्दलही बोलले. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, हे खरं. पण नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा द्यायची असते. त्यातही जमलं नाही तरच तो त्या वर्गात राहतो. शिवाय शाळेला त्याला आठवी होईपर्यंत काढून टाकता येत नाही. वडिलांना वाटत होतं की मार्चमध्ये दाखला हातात देतील. ही भीती कुणी बोललंच नव्हतं.

माफीचा विषय मी कुणाकडेच काढला नाही. मागून घेतलेली माफी आणि उसनं घेतलेलं भांडं, दोन्ही परत द्यावंसं वाटतं.

दुसरी बैठक

सोमवारी, सव्वाचारला, वाचनालयात. गोल टेबल, चार खुर्च्या, मुख्याध्यापक नाहीत. टेबलावर फक्त ती वही.

मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. वहीतली दोन पानं वर्गशिक्षिकेने वडिलांना दाखवायची, एवढंच त्यांच्याशी आधी बोलून ठेवलं होतं. हे मी सांगितलं असतं तर 'समुपदेशकाने शिक्षिकेची चूक पकडली' असं झालं असतं. त्यांनी सांगितल्यावर तो त्यांचा शोध झाला, आणि खरोखर तो त्यांचाच होता. त्यांनी फळ्याचं पान आणि श्रुतलेखनाचं पान शेजारी धरलं. वडील बराच वेळ बघत राहिले. "हे बी त्येचंच अक्षर हाय?" "हो. फळ्यावरचं बघून लिहिलेलं. वर्गातल्या पहिल्या दहांत येईल असं अक्षर आहे."

मग आईने हाक कशी मारायची ते दाखवलं. समोर जायचं, चेहरा दिसू द्यायचा, मग बोलायचं. वर्गशिक्षिकेने विचारलं, "फिरत फिरत सांगितलेलं त्याला अजिबात कळत नसेल?" आई म्हणाली, "मागनं बोललं तर न्हाई." शिक्षिकेने ते लिहून घेतलं. आईच्या तोंडचं वाक्य शाळेत कुणीतरी लिहून घेतंय, हे पाहून तिच्या खांद्यांचा ताण उतरला, ते मला समोरून दिसलं.

त्यानंतर वर्गशिक्षिका स्वतःहूनच म्हणाल्या, "तो फोटो मी टाकायला नको होता." वडील म्हणाले, "मीबी व्हरांड्यात वरडायला नको हुतं." दोघांनी एकमेकांकडे न बघता म्हटलं. फोटो तोवर ग्रुपवरून सर्वांसाठी काढून टाकण्याची मुदत टळून गेली होती, तेव्हा त्यावर उपाय नव्हता. ग्रुपवर फक्त शाळेच्या सूचना येतील आणि कुठल्याही मुलाची वही येणार नाही, हा नियम शिक्षिकेने त्याच आठवड्यात केला.

आम्ही ठरवलेल्या गोष्टी फार नव्हत्या. मुलाची जागा पुढे, उजव्या हाताच्या भिंतीकडे, म्हणजे अधू कान भिंतीला आणि बरा डावा कान वर्गाकडे. पण अगदी पहिल्या बाकावर नाही, दुसऱ्या, म्हणजे थोडं वळून बोलणाऱ्या मुलांचे चेहरेही दिसतील. त्याला एकट्याला हलवायचं नव्हतं, त्यावर तोड वर्गशिक्षिकेची: दिवाळीच्या आधी पूर्ण वर्गाच्याच जागा बदलल्या, चिठ्ठ्या काढल्यासारख्या. (त्याची चिठ्ठी कशी निघाली ते विचारू नये.) पान नंबर सगळ्या शिक्षकांनी फळ्यावर लिहायचा. श्रुतलेखन एका जागी उभं राहून, तोंड वर्गाकडे.

रोज डायरीत काय लिहायचं, यावर मात्र अडलं. मी घाईने म्हटलं, रोज एक ओळ तरी लिहा. वर्गशिक्षिकेने थेट विचारलं, "58 मुलं आहेत मॅडम. रोज एकाला पत्र लिहू?" बरोबर होतं त्यांचं. शाळेबाहेरचा माणूस सल्ला देताना शिक्षकाचे तास मोजत नाही, आणि मी दोन दिवस येणारी, म्हणजे निम्मी बाहेरचीच.

तोड आईकडून आली. कान वाहत असेल त्या दिवशी ती वहीच्या समासात निळ्या पेनाने एक गोल काढेल. लिहायचं काहीच नाही. गोल दिसला की शिक्षिकेने समजायचं, या आठवड्यात याला आणखी कमी ऐकू येणार. आणि शिक्षिकेने 'अपूर्ण' लिहिण्याऐवजी धड्याचं नाव आणि पान नंबर लिहायचा. शुक्रवारी आईनेच मधल्या सुट्टीत फोन करायचा, पाच मिनिटं.

पुढे

पहिल्या सत्रात मराठीत गुण वाढले. गणितात नाही. गणिताच्या सरांनी पान नंबर फळ्यावर लिहायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत सोडून दिलं. त्यांना तीनदा आठवण करून दिली, चौथ्यांदा वर्गशिक्षिकेने दिली, तेव्हा फरक पडला. शुक्रवारचे फोन नोव्हेंबरपर्यंत नियमित चालले, मग दर दोन-तीन आठवड्यांनी. खानावळीत लग्नसराईचे दिवस. निळे गोल मात्र चुकले नाहीत. डिसेंबरात सलग चार दिवस गोल होते, तेव्हा वर्गशिक्षिकेने आपणहून आईला फोन केला, डॉक्टरांकडे गेलात का म्हणून. शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. उन्हाळ्यात पंचगंगेवर पोहायला जायचं नाही, याचं मुलाला जेवढं दुःख आहे तेवढं वर्गातल्या कुठल्याच गोष्टीचं नाही, आणि याबाबत माझ्याकडे त्याच्यासाठी काही नव्हतं.

एप्रिलमध्ये माझ्या डोक्यात एकच काळजी होती. सहावीला वर्गशिक्षिका बदलणार. नव्या शिक्षकांना सांगायचं काय आणि मुलाची अट सांभाळून कसं? मी अर्धं पान टिपण करून ठेवलं, जूनमध्ये देऊ म्हणून.

जूनच्या तिसऱ्या सोमवारी मी शाळेत गेले तर सहावीचे वर्गशिक्षक मला म्हणाले, "त्या मुलाचं कळलं मला. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याची आई आणि आपल्या मॅडम दोघी मिळून भेटून गेल्या. समासात निळा गोल बघायचा, बरोबर ना?"